दप्तर लावायचं वर्ष: मालवणातल्या एका इंजिनिअरच्या प्रकल्प नोंदी

१ एप्रिल २०२५

ऑफिसच्या कपाटात आज एक जास्तीची फाईल लागली. बाकीच्या फाईलींवर गावाचं आणि घरमालकाचं नाव असतं, हिच्यावर माझंच आहे. वर्षभर लोकांच्या घरांचे प्लॅन, इस्टिमेट आणि देखरेख करते. यंदा स्वतःचा धंदाही एक साइट समजून चालवायचा. नोंदी साइट डायरीसारख्याच: काय ठरलं, काय झालं, काय अडलं.

सुरुवात बँकेच्या स्टेटमेंटपासून. मागच्या तीन वर्षांची जमा महिन्यावार मांडली. दसऱ्यानंतर पैसे यायला लागतात, मे अखेरपर्यंत येत राहतात. जूनपासून जवळजवळ कोरडं, मध्ये गणपतीत एक उंचवटा. कारणं इथल्या कोणालाही ठाऊक आहेत. चिरेखाणी पाण्याने भरतात, वाळूचा उपसा बंद असतो, कामगार गावी जातात. गणपतीत मात्र घरातली सगळी माणसं एका छपराखाली येतात, म्हणून बांधायचं-पाडायचं तेव्हा ठरतं आणि पहिला हप्ता हातात पडतो.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी जे सल्ले कानावर येतात, त्यात बाराही महिने सारखे धरलेले असतात. महिन्याला एवढं बिलिंग, तिमाहीला आढावा. पुण्यात ते जमत असेल. मालवणात जुलैचं लक्ष्य लिहिलं तर ते लिहिलेलंच राहतं, आणि ऑगस्टमध्ये माणूस उगाच स्वतःला आळशी समजायला लागतो. म्हणून वर्षाचे भाग इथल्या हिशेबाने पाडले: दसरा ते शिमगा, शिमगा ते मृग, मृग ते नारळी पौर्णिमा, नारळी पौर्णिमा ते दसरा. प्रत्येक भागाला वेगळ्या सवयी. एका भागात जमलं ते दुसऱ्यात जमलंच पाहिजे, असा आग्रह नाही.

४ एप्रिल

खाती वेगळी केली. फी एका खात्यात येणार, घरखर्च दुसऱ्यातून होणार, आणि दर महिन्याच्या १ तारखेला पहिल्यातून दुसऱ्यात माझा पगार जाणार. आकडा कसा ठरवला ते लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी विसरेन: तीन वर्षांतलं सगळ्यात कमी जमेचं वर्ष घेतलं, त्यातून ऑफिसचं भाडं, गाडीचं पेट्रोल, ड्राफ्ट्समनचे पैसे वजा केले आणि उरलेल्याला बाराने भागलं. चांगल्या वर्षाचा आकडा घेण्याचा मोह झाला होता. पण पगार कमी असला तर मे महिन्यात हात आखडतो. जास्त असला तर ऑगस्टमध्ये उसनं मागावं लागतं. पहिलं परवडतं.

पगाराच्या वर जे उरेल ते पावसाळी खात्यात. त्याला हात लावायचा तो जून ते सप्टेंबरच.

कराचं: माझ्यासारख्यांना आयकर कायद्याचं कलम ४४एडीए लागू होतं. वर्षाची फी ५० लाखांच्या आत असेल तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून विवरण भरता येतं, सगळ्या खर्चाच्या पावत्या जपण्याचा व्याप नाही. १ एप्रिलपासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे इथल्या बहुतेक इंजिनिअरांना आणि इंटिरियरवाल्यांना यंदा कर लागायचाच नाही. जीएसटीची नोंदणी मात्र सेवेसाठी २० लाखांच्या जमेलाच घ्यावी लागते, ती रेषा आधी येते. कर नाही म्हणून विवरणच भरायचं नाही, असं काही जण इथे करतात. मग घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक तीन वर्षांची विवरणं मागते आणि यांच्याकडे दाखवायला काही नसतं.

प्रॉव्हिडंट फंड कापून घेणारा मालक आपल्याला नाही, म्हणून पीपीएफ. महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरायचे. आजच भरले.

१५ एप्रिल

फीचं पत्र तयार झालं. एकच पान, मराठीत, वकिली भाषा नाही. कामाचं ठिकाण, मालकाचं नाव, मी काय करणार आणि काय करणार नाही. ‘करणार नाही’ हा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मोजणी आणून देणं, सातबाऱ्यावरची मयत नावं कमी करून घेणं, शेजाऱ्याशी कुंपणाचं भांडण मिटवणं ही कामं इंजिनिअरच्या अंगावर कधी येतात ते कळतही नाही. आता ती पत्रात नावानिशी आहेत: ही माझी नाहीत.

हप्त्यांचं डोक्यात नीट बसवून घेतलं. सगळीकडे पद्धत अशी की जोतं झालं की इतके, स्लॅब पडला की इतके. ठेकेदाराला ते योग्यच, त्याचा माल आणि माणसं साइटवर असतात. पण जोतं दोन हंगाम तसंच पडून राहिलेली घरं मला या तालुक्यात कितीतरी दाखवता येतील. भाऊ दुबईहून आला नाही, चिरे मिळाले नाहीत, कुणाचं तरी वर्षश्राद्ध झालं नाही. त्यात माझं काम कुठेच थांबलेलं नसतं. म्हणून माझे हप्ते माझ्या हातातल्या कागदाला बांधले: प्लॅन पसंत झाला की एक, परवानगीची ड्रॉइंग हातात देताना एक, बांधकामाची ड्रॉइंग देताना एक. देखरेखीचे पैसे वेगळे, महिन्याचे, आणि काम चालू असेल त्याच महिन्याचे.

२ मे

चाकरमानी आले. फोन सकाळी सातला सुरू होतो. ‘मॅडम, जाता जाता जरा बघून जावा’ हे मे महिन्याचं पालुपद. जाता जाता म्हणजे देवबागपासून आचऱ्यापर्यंत कुठेही.

पहिल्या भेटीची फी ठेवली. काम मिळालं तर ती पहिल्या हप्त्यातून वजा. रक्कम फार नाही, पण ती ऐकल्यावर जे ‘बरं, कळवतो’ म्हणतात त्यांचं काम होणार नव्हतंच, आणि जे ‘कधी येताय’ विचारतात ते जागेचे कागद काढून ठेवतात. देवबागला एका होमस्टेच्या वहिनींकडे गेले. त्यांचे दीर पैशांवरून कुरकुरले, तर वहिनीच त्यांच्यावर उखडल्या: ‘आमचा पापलेट कोण फुकट नेता काय?’ मला तोंड उघडायची गरज पडली नाही.

देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. तिथे किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची, रेषा कुठून जाते हे कागदावर बघितल्याशिवाय कामाचा किंवा फीचा आकडा तोंडातून काढायचा नाही. ‘अंदाजे सांगा ना’ म्हटलं तरी नाही. अंदाजे सांगितलेला आकडा लोकांच्या लक्षात राहतो, अंदाजे हा शब्द राहत नाही.

२२ मे

परवापासून पाऊस कोसळतोय. हा वळवाचा नव्हे, आषाढासारखा लागून राहिलाय. आचऱ्याच्या बाजूला एका घराची कौलं उतरवलेली, अर्धे वासे नवे बसलेले, मातीच्या भिंती उघड्या. छपराचं काम अक्षय तृतीयेच्या आधी घ्या, असं मी मार्चमध्ये लिहून दिलं होतं. घरच्यांना मुलांच्या सुट्टीत हवं होतं. आज सुतार, मी, घरमालक आणि शेजारचे दोघे असे ताडपत्री धरून उभे. वाऱ्याने ताडपत्री फुगून वाशांवरून उचलली जात होती. शेवटी जुन्या होडीचा दोर आणून, तो खाली चिऱ्यांना बांधून ती दाबली. माजघराची भिंत तेवढी खालून भिजली, बाकी वाचलं.

२६ मे

मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं काल हवामान खात्याने जाहीर केलं, आज तो मुंबईत. सगळा कोकण मृगाच्या, म्हणजे ७-८ जूनच्या भरवशावर बांधकामाचा शेवट आखतो. यापुढे माझ्या वेळापत्रकात उघड्या छपराची शेवटची तारीख १० मे. मृग कधी का येईना. फीच्या पत्रात ओळ घातली: या तारखेनंतर मालकाच्या आग्रहावरून छप्पर उघडलं, तर आवराआवरीच्या भेटींचे पैसे वेगळे.

१४ जून

पावसाळ्याचा नकाशा. सकाळी नऊ ते अकरा अभ्यास, फोन बंद. मग दप्तर. दुपारनंतर चालू कामांची ड्रॉइंग.

अभ्यासाला यंदा एकच विषय: वादळातलं छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्यासमोरून वर गुजरातकडे गेलं. तौक्ते इथल्या किनाऱ्याला न लागताही कौलं आणि पत्रे उडवून गेलं. तेव्हापासून लोक एकच विचारतात, ‘पत्रा जाड घालू काय?’ बहुतेक वेळा पत्रा फाटत नाही. वारा पडवीखाली शिरतो, छपराला खालून वर उचलतो, आणि वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असले की सांगाडाच निघून येतो. वाशाला भिंतीशी आणि भिंतीला जोत्याशी बांधणारं काहीतरी हवं. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ मध्ये सुधारून आलं. कॉलेजात शिकलेलं जुनं होतं. ते बाजूला ठेवून हे नव्याने, पेन घेऊन वाचते आहे.

दहा विषय यादीत घेतले की दहांची प्रस्तावना वाचून होते, हे आजूबाजूला बघून ठाऊक आहे. एका पावसाळ्याला एक विषय, आणि शेवटी त्यातून फाईलला लावता येईल असं एक पान निघालं पाहिजे.

३ जुलै

वीज कालपासून नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप तेवढा चालतो. सगळ्या ड्रॉइंगची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती भावाकडे कणकवलीला ठेवली. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतल्या किती दुकानांची-ऑफिसांची दप्तरं चिखल झाली ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलंय.

१९ जुलै

वसुलीचं दप्तर. घरगुती येणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक कंपनी, किनाऱ्यावर रिसॉर्ट काढणारी. ड्रॉइंग घेतली, साइटवर वापरली, बिल एप्रिलपासून ‘प्रोसेसमध्ये’ आहे.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो वापरायला फार लोक जात नाहीत. उद्यम नोंदणी घेतलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं, सेवा देणाऱ्याचंसुद्धा, बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. हा एमएसएमई कायदा २००६ चा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण कंपनीच्या हिशेबनिसाला हलवतं ते आयकरातलं कलम ४३बी(एच), २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालेलं: मुदतीत न दिलेलं असं बिल त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरायचं.

माझी उद्यम नोंदणी होतीच. आधारवर घरबसल्या होते, पैसे लागत नाहीत. पैसे मागणारा भेटला तर तो दलाल समजावा. नंबर आता बिलाच्या माथ्यावर छापला. कंपनीला स्मरणपत्र पाठवलं ते हिशेब विभागाच्या नावाने, साइट मॅनेजरच्या नव्हे. मॅनेजर चांगला माणूस आहे, चहा पाजतो, त्याच्या हातात चेकबुक नाही.

घर बांधणाऱ्या साध्या माणसाला हे कलम लागू नाही, त्याचा तो धंद्याचा खर्च नसतो. तिथे पत्र आणि संबंध हेच.

९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या. बंदरावर उभ्या उभ्या एक जुने ओळखीचे घरमालक भेटले. थकलेल्या फीचा विषय मी काढला नाही. काढायची वेळ नव्हती, आणि आज दिवसभर तोच विचार केला.

पैसे मागण्याचं सगळं शिक्षण ‘कसे मागावे’ यावर असतं. इथे ‘कधी’ जास्त महत्त्वाचं. येण्याच्या यादीत प्रत्येक नावापुढे आता एक रकाना जास्तीचा आहे: हातात पैसा कधी असतो. आंबा बागायतदाराकडे हंगामाच्या शेवटी, मे अखेर ते जून, दलालाचा हिशेब झाला की. एप्रिलमध्ये तो सगळ्यात श्रीमंत दिसतो आणि सगळ्यात अडचणीत असतो, कारण मजुरी, पेट्या, गाडीभाडं रोज जातं आणि पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, मागून येते. मच्छीमाराकडे जुलैत मागणं म्हणजे त्याला तोंड चुकवायला लावणं. त्याने जाळी आणि इंजिन उसन्यावर दुरुस्त केलेलं असतं, ते फिटायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. होमस्टेवाल्यांचं जानेवारीत आणि मेच्या शेवटी. मुंबईतल्या नोकरदाराचं दिवाळीच्या बोनसला, मात्र गणपतीत त्याच्याकडे मागू नये, तो तिकिटं, आरास आणि भावाबहिणींच्या देण्याघेण्यात पार रिकामा झालेला असतो. निवृत्त शिक्षकाकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. ते स्वतःच फोन करतात.

हप्त्यांच्या तारखाही आता याच रकान्यावरून घालणार. आंबावाल्याला ‘१५ डिसेंबरला’ असं लिहून घेतलं तर त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं असं होतं.

१८ ऑगस्ट

चतुर्थी २७ ला. त्याच्या आधीच्या आठवड्यात या जिल्ह्यात कोणी कोणाचं ऐकत नाही, बाजारात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून जी घरं यंदा ठरायची शक्यता आहे त्यांच्या फाईली आजच तयार: जागेचा उतारा, ढोबळ प्लॅन, फीच्या पत्राच्या दोन प्रती, सही करायला चालणारं पेन. विवरणपत्र महिन्याच्या सुरुवातीलाच भरून टाकलं. यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलीय, पण गणपतीनंतर माझा मेंदू ठिकाणावर यायला वेळ लागतो.

३० ऑगस्ट

तोंडवळीचं सामाईक घर. ही नोंद सविस्तर.

पडवीत सतरंजी, मुंबई-ठाण्याहून आलेले चुलत भाऊ, त्यांच्या बायका, मधल्या खोलीत गणपती. वर माटवी, तिला कवंडाळं, सुपारीचे घोस आणि आंब्याचे टाळे बांधलेले. आरती संपवून सगळे बसले. सातबाऱ्यावर सहा नावं, त्यांतली दोन मयत. घर पाडून नवं बांधायचं यावर सगळ्यांचं एकमत. ते कसं, यावर प्रत्येकाचं वेगळं. थोरल्यांना चौसोपीचा भास हवा, ठाण्याच्या भावाला प्रत्येक खोलीला संडास हवा, धाकट्याला मधल्या जागेत गाडी फिरली पाहिजे.

मी प्लॅन उघडलाच नाही. आधी पत्र काढलं आणि त्यातली पहिली रिकामी जागा दाखवली: मालकांतर्फे निर्णय कोण कळवणार, एक नाव. सामाईक घराच्या कामात इंजिनिअर मरतो तो इथे. एक भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर खिडकी सरकवतो, दुसरा फोनवर ती परत आणतो, आणि बिल द्यायच्या वेळी प्रत्येक जण म्हणतो की मी सांगितलंच नव्हतं. पत्रात लिहिलंय की दोन फेरबदल फीमध्ये, पुढचे पैसे देऊन, आणि फेरबदल धरला जाईल तो फक्त त्या एका नावाकडून लेखी आला तर.

शांतता. मग थोरले म्हणाले, ‘मॅडम, सही कित्याक? पैशे खंय पळान जाणत नाय, घर आमचा हयच आसा.’

आत चुलीपाशी मोदकांचं बघत बसलेल्या त्यांच्या काकी बाहेर आल्या, हात पदराला पुसत. ‘गो बाय, तुझी फी काय ता आधी सांग. मागसून कटकट नको.’ मी आकडा सांगितला. त्यांनी तो पुतण्यांकडे बघत एकदा मोठ्याने म्हणून दाखवला. ‘ह्या सगळ्यांका घर व्हया, पण सही करूक कोणाक नको. मगे वाटणी कशी करतलास?’

नाव ठरायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. ठाण्याचे भाऊ, कारण ते बँकेत होते आणि सगळ्यांचे हिशेब आजही तेच ठेवतात. धाकट्याने तिथल्या तिथे पहिला हप्ता यूपीआयने पाठवला आणि तो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायला सांगितला, म्हणजे वाटणी रीतसर होईल. मयत नावांचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पत्रात ते होतंच. मग प्लॅन उघडला.

२३ सप्टेंबर

कालपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. सगळी इस्टिमेटं पुन्हा करायला बसले. मालकांना एक ओळीचा निरोप: नवं इस्टिमेट या आठवड्यात मिळेल, तोवर ठेकेदाराशी जुन्या दराने करार करू नका. त्यावर आलेले फोन पाहता, निरोप पाठवणं ही स्वतंत्र सेवा म्हणावी इतकी उपयोगी सवय आहे. ज्यांना आपण विचारायच्या आधी सांगतो ते पुढच्या वेळी फीवर घासाघीस कमी करतात.

यातून आणखी एक पक्कं झालं. फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत ठेवली की इस्टिमेट उतरलं की माझी फीही उतरते, काम मात्र तेवढंच, उलट पुन्हा हिशेब केल्याने वाढलेलं. शिवाय मी महाग माल सुचवला की मालकाला शंका येते, आणि येणारच. लहान घरांना यापुढे ठोक रक्कम.

६ ऑक्टोबर

दसरा झाला, चिरेखाणी सुरू होतील. छपराच्या बांधणीचं पान तयार झालं: वाशांखाली काँक्रीटचा पट्टा, त्यात आधीच सोडलेले बोल्ट, पडवीच्या खांबाला वरून खालपर्यंत धरून ठेवणारी सळी, आणि सुताराला कळेल असं चित्र. तोंडवळीच्या फाईलला पहिलं लावलं. सुताराने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, बोल्टाला गंज लागला तर? खाऱ्या हवेत बरोबर प्रश्न. गॅल्व्हनाइज्ड केलेले घ्यायचे, असं पानावरच लिहून घातलं.

साइटचे वार ठरवले. देवबाग-तारकर्ली एका दिवशी, आचरा-तोंडवळी एका दिवशी, शनिवार ऑफिसात. वाराबाहेर बोलावलं तर भेटीचे पैसे. शुक्रवारी संध्याकाळी बिलं, अर्धा तास, काहीही असलं तरी. या मोसमात याहून जास्त शिस्त माझ्याकडून होणार नाही आणि ती होईल असं लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

कुडाळहून एक मोठं काम आलं होतं, मंगल कार्यालयाचं. नाही म्हटलं आणि तिथल्याच एका तरुण इंजिनिअरचं नाव दिलं. रोज तिकडे जाण्यात इकडच्या साइटी सुटल्या असत्या.

१२ जानेवारी २०२६

आंब्याला मोहोर, आणि प्रत्येक घरमालकाला शिमग्याच्या आत गृहप्रवेश. कंबर धरलीय. चिऱ्यांच्या ढिगांवरून उड्या मारायचं वय गेलं, मजुराला शिडी लावायला सांगायची. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख सांगून झाली की त्या आठवड्यात मसुरे-आचरा रस्त्यावर साइट भेट ठेवायची नाही. तारीख दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, छापील कॅलेंडरचा इथे उपयोग नाही. शुक्रवारची बिलं दोनदा रविवारवर गेली. चालेल.

६ मार्च २०२६

शिमगा चालू, मजूर होळीला गेलेत ते पुढच्या आठवड्यात येतील. बसून हिशेब.

पावसाळी खातं सप्टेंबरअखेर पूर्ण रिकामं झालं नव्हतं. पगाराचा आकडा यंदा वाढवला नाही, ठरवला त्याच रीतीने, आता चार वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष धरून. आंबावाल्यांची जुनी येणी जूनमध्ये मागितली ती आली. मच्छीमारांची निम्मी आली, निम्म्यांचा यंदाचा हंगामच बरा गेला नाही. मेनंतर पाहू. पहिल्या भेटीच्या फीमुळे फोन कमी झाले आणि कामं कमी झाली नाहीत.

रिसॉर्ट कंपनीकडून परवा फोन आला, हिशेब विभागातूनच. ३१ मार्चच्या आत बिल निकालात काढायचंय म्हणाले. व्याज सोडा, अशी विनंती. व्याज सोडलं, पण पुढच्या टप्प्याचे पैसे ड्रॉइंगच्या आधी, असं लेखी घेतलं. त्यांनी माझ्या बिलातून कापलेला १० टक्के कर (टीडीएस) माझ्या नावावर आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात दिसेपर्यंत फाईल बंद करायची नाही.

१ एप्रिलपासून नवा आयकर कायदा, २०२५ चा, लागू होतोय. कलमांचे आकडे बदलतील. बिलाच्या आणि पत्राच्या नमुन्यात जिथे जुनी कलमं छापलीत ती काढून टाकली, कर सल्लागाराला विचारून नवी घालीन.

तोंडवळीला भिंती वाशांच्या पातळीला आल्यात. ठाण्याच्या भावांनी तिसरा फेरबदल पाठवला आणि सोबत त्याचे पैसेही. काँक्रीटचा पट्टा मजूर परतले की लगेच, सुतार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कौलं १० मेच्या आत. काकी रोज साइटवर येऊन बोल्ट मोजतात, म्हणून ठेकेदाराने पेटी कुलपात ठेवलीय. शनिवारी जाऊन चावी घेणे.